बियाण्याची पिशवी आणि पक्की पावती

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ज्या जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि ज्या गावास पुढे बियाण्यांची राजधानी असा लौकिक प्राप्त झाला, त्याच जिल्ह्यातील कास्तकारास मृगाच्या तोंडावर हातातील कपाशीची पिशवी अस्सल की बनावट याची विवंचना पडावी, ही गोष्ट मनास फार लागते. अन्य मालातील लबाडी बहुधा वापरताच कळते. बियाण्यातील लबाडी मात्र उगवण फसल्यावर, किंवा त्याहून भयंकर म्हणजे ऐन बोंडे धरण्याच्या वेळी उघडकीस येते, आणि तोवर खत, मजुरी व कर्जाऊ रक्कम ही सारी मातीत गेलेली असते.

पूर्वी प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी हाच काय तो भरवसा होता. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ‘साथी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली; पिशवीवरील क्यूआर कोड मोबाईलने टिपला असता त्या बियाण्याच्या उगमाची माहिती मिळावी, अशी तिची योजना आहे. योजना स्वागतार्ह खरीच. परंतु छापलेल्या संकेताची नक्कल होऊ शकते, आणि अस्सल पिशवीत भलताच दाणा भरला तर तो संकेत निमूटपणे खोटी साक्ष देतो. यास्तव विक्री होताच तो संकेत बाद व्हावा आणि पडताळणी दुकानदाराने गिऱ्हाइकासमक्ष करून तिची नोंद पावतीवर घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. पावती देणे हे १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशान्वये विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. उधारीच्या अडचणीतील शेतकऱ्याने ती मागण्याचे धैर्य करावे, ही अपेक्षा अन्यायाची होय.

तणनाशकास दाद न देणाऱ्या, म्हणजे एचटीबीटी कपाशीचे प्रकरण याहून बिकट आहे. सरकारी मान्यता नसल्याने ते बियाणे चोरून, विनापावती विकले जाते. निंदणीचा खर्च न झेपणारा माणूस ते जाणूनबुजून घेतो, आणि पीक बुडाले की कोणत्या कचेरीत कैफियत मांडावी हे त्यास उमगत नाही.

शेतकरी हा ग्राहक असून तपासणीसाठी बियाणे राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. तेव्हा बियाण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या तालुका समितीने शेताचा पंचनामा करताना पावतीवरील पडताळणीची नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, आणि तसा स्पष्ट हुकूम कृषी खात्याने पुढील खरिपापूर्वी काढावा.