अवधानाची घटिका

खेळाडूच्या आयुष्यात क्वचित अशी एक घटिका येते, की जिच्यात धावफलक, प्रेक्षकांचा गलका आणि स्वतःच्या देहाचा शीणदेखील मागे सरून, गोलंदाजाच्या मनगटातून सुटणारा चेंडू तेवढा, त्याच्या शिवणीसकट, दृष्टीपुढे उरतो. हुकूम सोडून ही घटिका हजर होत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातापायांना काम सोपवून मन मोकळे झाले, तरच ती लाभते. तिचा विचार मनात आला की आम्हांस सांगलीच्या विजय हजाऱ्यांचे स्मरण होते. 1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर, धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, हिंदू संघाने विजय मर्चंटांच्या नाबाद 250 धावांच्या बळावर 581 धावा उभारल्यावर, 133 धावांत गारद होऊन फॉलोऑन पत्करलेल्या, उरलेल्या धर्मीयांच्या शेष संघाने दुसऱ्या डावात ज्या 387 धावा केल्या, त्यांतील 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! बंधू विवेक यांच्यासमवेत झालेल्या 300 धावांच्या भागीदारीत विवेक यांच्या धावा अवघ्या 21. परंतु दुसरे टोक इमानेइतबारे राखणाऱ्या त्या भावाचे श्रेय आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही, कारण एकाच्या तल्लीनतेस दुसऱ्याच्या स्थैर्याचे संरक्षण लागते. शेष संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला. पुढे 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियापुढे भारताचा डावाने पराभव होत असता, याच हजाऱ्यांनी 116 आणि 145 अशी दोन शतके काढली.