प्रतीक्षेतला संसार

हृदय प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलेल्या रुग्णाच्या घरी रात्रीही दूरध्वनी बंद केला जात नाही. सकाळ उजाडते ती वजनकाट्यावर; दोन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते बाळसे नव्हे, शरीरात साठलेले पाणी असते. पिण्याचे पाणी मोजून द्यायचे, मीठ जपून घालायचे, औषधांच्या वेळा चुकवायच्या नाहीत. हे सारे सांभाळते ती बहुधा पत्नी, काही घरांत पती. नोकरी, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची शुश्रूषा याच खांद्यांवर असते. दुखणे एकाच्या छातीत असले, तरी आजारी पडतो तो सगळा संसार.

या प्रतीक्षेला तिथी नसते. रक्तगट जुळावा लागतो, दात्याच्या आणि रुग्णाच्या शरीराचा आकार मिळताजुळता असावा लागतो आणि काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत नव्या देहात धडधडू लागावे लागते. म्हणून रुग्णाला रुग्णालयापासून दूर राहता येत नाही. दूरच्या जिल्ह्यातील कुटुंब पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घेते आणि मुले गावी आजी-आजोबांकडे राहतात. जंतुसंसर्गाच्या भयाने सणावारीही पाहुण्यांना दार उघडता येत नाही. एखाद्या रात्री बोलावणे येते, सारे धावत रुग्णालयात पोहोचतात आणि ते हृदय योग्य नसल्याचे कळून पहाटे परततात.

याहून खोल एक वेदना असते. आपल्या माणसाचे आयुष्य मागताना आपण दुसऱ्या घरातला दिवा विझण्याची वाट तर पाहत नाही ना, हा प्रश्न त्या पत्नीला देवापुढेही सोडत नाही. त्याचे उत्तर समाजानेच तिला दिले पाहिजे. कोणाच्याही प्रार्थनेने कोणाला मृत्यू येत नाही. जो मृत्यू कोणालाच टाळता आला नाही, त्यातून एक जीवन वाचावे, एवढेच तिचे मागणे आहे.

वैद्यकशास्त्राने आपले काम केले आहे. 1967 च्या डिसेंबरात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊन येथे पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा मात्र 1994 मध्ये आला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले.

आज कौशल्य आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती संमतीची. चार वैद्यांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू निश्चित करते. हृदय धडधडत असते, छाती हलत असते आणि अशा घटकेला आप्तांना निर्णय घ्यावा लागतो. दात्याने इच्छापत्र भरलेले असले, तरी नातेवाइकांची संमती घेतली जाते. जी गोष्ट घरात कधी बोललीच गेली नाही, तिला त्या आकांतात होकार कसा मिळणार? पुढच्या जन्मी अवयवाचे वैगुण्य येईल, ही भीतीही आडवी येते. दधीचींनी आपल्या अस्थी दिल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या समाजात तिला थारा असू नये.

तेव्हा दोन कामे हाती घेण्यासारखी आहेत. प्रतीक्षेतल्या घराला उपदेशाची गरज नसते. त्याला हवा असतो मुलांना शाळेतून आणणारा शेजारी, एक वेळचा अळणी डबा, मध्यरात्री गाडी काढणारा हात आणि रुग्णाजवळ तासभर बसून पत्नीला झोपू देणारा सोबती. शस्त्रक्रियेनंतरही औषधे आजन्म घ्यावी लागतात, तेव्हा ही सोबत त्यानंतरही टिकावी. दुसरे काम प्रत्येकाच्या स्वतःच्या घरातले आहे. रात्रीच्या जेवणाला सारे एकत्र बसले असताना अवयवदानाची इच्छा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. अनोळखी घरातली ती प्रतीक्षा अशाच एखाद्या संवादाने संपणार आहे.