गुळाचा दोष नाही!
(द्वितीय वर्ष, कला)

‘गूळ खाऊ नकोस, जंत होतील,’ हे आईचे वाक्य ऐकतच मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आईचे म्हणणे खोडताना मन कचरते. पण जंत गुळातून होत नाहीत, बहुतेक वेळा मातीतून येतात. कळले ते चार जणांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गल्लीत बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला आहे. माझा सहा वर्षांचा भाऊ आणि त्याचे सवंगडी दिवसभर तिथे किल्ले बांधतात. रात्री त्याच ढिगात एक कुत्री पाच पिल्ले घेऊन निजते. पिल्ले तिथेच घाण करतात. हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नसेल?

कुत्र्याच्या आतड्यात टॉक्सोकारा नावाचा गोल जंत असतो. आईच्या पोटात असतानाच तो पिल्लांना लागतो आणि जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत त्यांच्या विष्ठेतून त्याची असंख्य अंडी पडू लागतात. ताजी अंडी बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर ती घातक होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. फिनेलनेही ती मरत नाहीत. मातीचे हात तोंडात गेले की अंडी मुलाच्या पोटात जातात. तिथे निघालेली अळी यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरते. १९५० साली अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर यांना मुलांच्या काढून टाकलेल्या डोळ्यांत अशा अळ्या आढळल्या. त्यांपैकी काही टॉक्सोकाराच्या असल्याचे पुढे ओळखले गेले.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून गोळ्या मिळतात. योजना उत्तमच; पण ती मुलांच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी आहे. कुत्र्याचा जंत तिथे मुक्कामच करत नाही.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर ‘कुत्री हटवा’ आणि ‘कुत्री जगवा’ असे दोन तट पडले. पकडलेल्या कुत्र्यांना नसबंदी आणि लसीबरोबर जंताचे औषधही द्यावे, असे त्या आदेशात होते. त्यावर मात्र कोणीच बोलले नाही. शिवाय ढिगातली तान्ही पिल्ले नसबंदीच्या वयाची नसतात, आणि अंड्यांचा खरा सडा त्यांचाच!

काही सुशिक्षित म्हणतात, मुलांना मातीत खेळू देऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने मग खेळावे तरी कुठे? आमच्यासारख्यांना गल्ली हेच अंगण. ते हिरावून घेणे हा उपाय नव्हे, आणि मुक्या जिवाला दगड मारणे हाही नव्हे.

उपाय साधे आहेत. वाळूवर रात्री ताडपत्री घालावी. घाण आठवड्याच्या आत फावड्याने उचलून खोल पुरावी. पिल्ले दोन आठवड्यांची झाली की पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यांना जंताचे औषध सुरू करावे. खेळून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुवावेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी यंदा एवढी एक गल्ली तरी हाती घ्यावी. फावडे मी घरून आणीन.

आईने सारे शांतपणे ऐकून घेतले. आता भाऊ खेळून आला की ती त्याला आधी मोरीत नेते. गुळाचा डबा मात्र अजून वरच्या फळीवरच आहे!