टपावरच्या पेटीचा रंग

मराठी कुटुंब प्रवासाला निघाले की सामान टपावर चढते. एस.टी.च्या टपावर हमालाने चढवलेली पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेले नाव-गाव, हे चित्र पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. पुढे गाड्यांच्या डोक्यावर लोखंडी कॅरिअर आले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ते वर्षानुवर्षे मिरवले. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी निवृत्त झाली. आता बऱ्याच खासगी गाड्यांवर दिसते ती प्लॅस्टिकची लांबुळकी, कुलूपबंद पेटी. सात आसनी गाडीत सातही माणसे बसली की मागे जेमतेम दोन पिशव्यांची जागा उरते. मग गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाचे कपडे, आरास, झांजा आणि आजीचे अंथरूण जाणार कुठे? अर्थातच वर!

ही पेटी स्वस्त नसते. तिची किंमत सहज पाच आकडी असते. आणि सोसायटीच्या आवारात, आच्छादनाशिवाय, चार-पाच उन्हाळे काढले की तिची कळा जाते. काळा रंग राखाडी होतो, तकतकी उतरते, हात फिरवला तर बोटांना पांढुरकी भुकटी लागते. मग घरात चर्चा सुरू होते. एक पक्ष म्हणतो, नवी घ्या. दुसरा म्हणतो, गॅरेजवाल्याकडे टाका. तिसरा पक्ष बहुधा अल्पमतात असतो. तो म्हणतो, आपणच रंगवू. मी या तिसऱ्या पक्षाचा आहे.

पैसे वाचतात हे काही माझे मुख्य कारण नव्हे. माझे कारण वेगळे आहे. वस्तू स्वतः रंगवायची तर आधी ती स्वतः निरखून पाहावी लागते. वर्षभर जी पेटी आपण केवळ उघडली आणि दाणकन मिटली, तिचा प्रत्येक कोपरा हाताखालून जातो. ही ओळख विकत मिळत नाही.

आपल्याकडे रंग हा केवळ नटण्याचा प्रकार कधीच नव्हता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जाणाऱ्या होड्या त्याआधी डागडुजी करून रंगवल्या जातात, त्या लाकडाची राखण व्हावी म्हणून. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवण्यापूर्वी साळून घेतात. आधी घासणे, मग रंगवणे, हा क्रम आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागला नाही. प्लॅस्टिकच्या पेटीलाही हाच क्रम लागू आहे. अशा पेट्या बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. उन्हातले अतिनील किरण या प्लॅस्टिकचा वरचा थर हळूहळू ठिसूळ करतात. भुकटी सुटते ती त्यामुळेच. तिच्यावर थेट रंग मारला तर तो प्लॅस्टिकला न चिकटता भुकटीला चिकटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे धरतो.

म्हणून या कामाचे बारा आणे घासण्या-पुसण्यात आहेत. पेटी साबणाच्या पाण्याने धुवावी. गाडीच्या पॉलिशचा अंशही राहू देऊ नये. मग ओला पॉलिश पेपर, साधारण ३२० ते ४०० नंबरचा, हलक्या हाताने फिरवून सगळी चमक मारावी. पुन्हा धुवावी, वाळवावी. त्यावर प्लॅस्टिकसाठी मिळणारा खास प्रायमर द्यावा. लोखंडी गेटाला लावतो तो रेड ऑक्साईड इथे कामाचा नाही. प्लॅस्टिक पुसायला तीव्र थिनर किंवा ॲसिटोन वापरण्याचा मोहही टाळावा, कारण ॲसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळते. रंग स्प्रेच्या डब्याने, वीतभराहून थोड्या अधिक अंतरावरून, पातळ द्यावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. शेवटी ऊन सोसणारा पारदर्शक थर द्यावा.

रंग कोणता, यावर घरात मतदान घ्यायला हरकत नाही. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो, पेटीला ते बंधन नाही. तरी माझे मत पांढऱ्याला किंवा फिक्या राखाडीला. गडद रंग ऊन शोषतो, पेटी तापते आणि आतले लोणचे, औषधे, येतानाचे आंबे शिजायला टेकतात. काळा रंग ऐटदार दिसतो हे खरे. पण टप पाहणार कोण? फार तर तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी.

मुहूर्ताचेही पाहावे लागते. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंगावर पांढरट झाक येते. वैशाखातल्या तापल्या गच्चीवर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो. दिवाळीनंतरचा कोरडा काळ उत्तम. सकाळी दव ओसरल्यावर, सावलीत आणि वारा पडलेला असताना काम करावे. वारा असेल तर आपल्या पेटीचा रंग शेजाऱ्याच्या गाडीवर बसतो आणि पेटी राहते बाजूला, सोसायटीची सभा बोलवावी लागते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. स्प्रेच्या रंगाची वाफ घातक असते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही, त्यासाठी वाफ शोषणारी डबी लावलेला मुखवटा लागतो. जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी-काडी काही नको. लहान मुलांना घासण्या-धुण्यात जरूर घ्यावे, त्यांना ते आवडतेही. फवारा सुरू झाला की मात्र त्यांची रवानगी घरात. आणि मोकळी, हवेशीर जागाच नसेल तर हा उद्योग करू नये. बंद बाल्कनीत तर नकोच नको.

पण मला खरे बोलायचे आहे ते काय रंगवू नये याबद्दल. कुलूप, बिजागऱ्या आणि झाकणाची रबरी पट्टी चिकटपट्टीने झाकावी. रबरावर रंग बसला की झाकण नीट मिटत नाही, आणि पाणी आत येते. पेटीत किती किलो भरायचे हे सांगणारे लेबल तर मुळीच झाकले जाऊ नये. बऱ्याच पेट्यांची मर्यादा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते. शिवाय गाडीच्या टपाची स्वतःची मर्यादा वेगळी असते आणि तीत पेटीचे वजनही धरलेले असते. हे लेबल रंगाखाली गेले की पुढच्या प्रवासात कोणीतरी तांदळाची गोणी वर चढवणारच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तडे. पेटी जिथे आडव्या दांड्यांना पकडलेली असते, तिथे केसाएवढा तडा असेल तर तो घासताना बोटाला लागतो. तसा तडा सापडला तर रंगाचा डबा बंद करावा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला तग धरणारी पेटी १००ला सुटू शकते. ती सुटली तर आपले कपडे विखुरतील हे एक वेळ चालेल, पण मागून दुचाकीवर कोणी येत असेल त्याचे काय? असा तडा लांबीने बुजवून, वरून रंगाचा हात मारून पेटी पुन्हा टपावर चढवणे याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ती लबाडी आहे.

या लबाडीची आपल्याला सार्वजनिक जीवनात सवय झाली आहे. पाहुणे यायचे म्हटले की दुभाजक रंगतात, गळक्या शाळेला दर्शनी भिंतीपुरता रंग मिळतो, खांबाला गेलेली चीर रंगाखाली गडप होते. रंग झाला म्हणजे काम झाले, असे आपण मानू लागलो आहोत. घरातल्या मुलांनी जर एका रविवारी आईवडिलांना पेटीचा तडा शोधताना, आणि तो सापडल्यावर “ही आता टपावर जाणार नाही” असे म्हणताना पाहिले, तर त्यांना रंगाचा खरा उपयोग कळेल. अशा पेटीत माळ्यावरच्या रजया ठेवता येतात, तिथे तिला वारा लागत नाही.

तडा नसेल तर उत्तमच. मग पॉलिश पेपर भिजत घाला.