स्पीकर अडखळला तर आधी फोन जवळ आणा

चतुर्थीला केळझरच्या सिद्धिविनायकाला गर्दी उसळते. भजनी मंडळाचा ब्लूटूथ स्पीकर सकाळी नीट वाजतो आणि रांग वाढली की अडखळायला लागतो. मंडळींनो, तो लगेच दुरुस्तीला टाकू नका. बिघाड बहुतेक वेळा फोन आणि स्पीकरच्या मधल्या वाटेत असतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. बहुतेकांचं वाय-फाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉटही तिथेच. त्यातच माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं. वाटेत काही बिट बिघडणारच, हे धरूनच हे तंत्र बांधलंय. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये जोडलेली दोन यंत्रं सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलू शकतात. माहिती तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटमधून जाते; पॅकेटच्या मथळ्यातला प्रत्येक बिट तीनदा जातो. १ पाठवायचा तर १११. पोचताना १०१ झालं, तरी दोन विरुद्ध एक या हिशेबाने १ च धरतात.

फाइल पाठवताना प्रत्येक पॅकेटबरोबर तपासणीचा आकडाही जातो. ताळा जुळला नाही तर तेच पॅकेट पुन्हा मागवलं जातं. फाइलला उशीर चालतो, म्हणून ती रेंगाळते पण नीट पोचते. भजनाला थांबता येत नाही. वेळेत न आलेला तुकडा सोडावा लागतो आणि आवाज तुटतो.

तेव्हा एवढं करा. फोन खिशात न ठेवता स्पीकरजवळ, उंचावर ठेवा. मधून रांग जाऊ देऊ नका. आसपासचे नको असलेले हॉटस्पॉट बंद करा. मोठा कार्यक्रम असेल तर सरळ वायर जोडा. फाइल मध्येच रेंगाळली तर रद्द करू नका, दोन्ही फोन जवळ आणा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाठवलं तसंच पोचलं, एवढंच ताळा सांगतो. पाठवणारा कोण आणि फाइलच्या पोटात काय, हे तो बघत नाही. ‘लग्नपत्रिका’ नावाची घातक एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइलसुद्धा बिनचूक पोचते, मग ती ब्लूटूथवरून येवो की व्हॉट्सॲपवरून. अनोळखी फोनची जोडणी नाकारा, अशी फाइल उघडू नका, काम झालं की ब्लूटूथ बंद करा. अशा फाइलमुळे खात्यातले पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा.