सायकलची करसवलत वस्तीपर्यंत यावी

ब्रिटनमध्ये १९९९ पासून कामावर सायकलने जाणाऱ्यांना करसवलत मिळते. मालक सायकल देतो, तिचे पैसे पगारातून कापतो आणि कापलेल्या रकमेवर आयकर लागत नाही. आपल्याकडेही असे व्हावे, ही मागणी चांगलीच आहे. पण तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना त्यातून काय मिळणार? जो आयकर भरण्याइतके कमावतच नाही, त्याला आयकरात सूट कसली?

सायकल घेताना जीएसटी मात्र आपणही भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे पाच हजारांवर ६०० रुपयांऐवजी २५० रुपये. पण लाखोंच्या विजेवरच्या मोटारीलाही ५ टक्केच! हा न्याय नव्हे. मजुराच्या सायकलवर कर नकोच.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. कामावर जाता-येता वीस-वीस मिनिटे सायकल चालवली, तर पाच दिवसांत २०० मिनिटे होतात. साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते; पेट्रोलचे पैसे वाचून घरात डाळ-अंडी येतात.

बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करावा लागतो. येत्या ग्रामसभेत त्यातून मजुरांना सायकली द्याव्यात, अशी लेखी मागणी करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.