फवारणीपूर्वी मोजणी

आंबागड परिसरात धान हेच खरिपाचे मुख्य पीक होय. दाट बांधीत तपकिरी तुडतुडा शिरला, की तो चुडांच्या बुंध्यातील रस शोषतो व पीक करपल्यासारखे वाळते. अशा वेळी शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारावे, ही प्रवृत्ती घातक आहे.

बांधीतील कोळी तुडतुडे खातात, हिरवट मिरिड ढेकूण त्यांची अंडी शोषतात. सरसकट फवारणीने हे मित्र मरतात; चुडांच्या आत घातलेली अंडी मात्र बहुधा वाचतात. त्यांतून निघणाऱ्या पिलांस शत्रूच उरत नाही आणि तुडतुडा पूर्वीपेक्षा अधिक माजतो. याच अनुभवावरून इंडोनेशियाने १९८६ साली ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला.

यास्तव दर आठवड्यास बांधीत उतरून बुंध्याशी मोजणी करावी. दर चुडास ५ ते १० तुडतुडे आढळेपर्यंत औषधास हात लावू नये. नत्र बेताने द्यावे व साचलेले पाणी काढावे. कृषी सहाय्यकांनीही मोजणी पाहिल्यावाचून फवारणीचा सल्ला देऊ नये.

ज्या बांधीवर वर्षाचे पोट अवलंबून, तेथे थांबणे कठीण असते, हे खरे. परंतु मोजून थांबणे म्हणजे हयगय नव्हे. तीच खरी राखण होय.